मुलाखतीत नेमके काय मोजले जाते?

१९७९ साली अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयात, कोणी मुद्दाम आखलेली नसताना मुलाखतीचीच परीक्षा झाली. महाविद्यालयाने सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली होती आणि वरच्या क्रमांकांतून १५० जणांना प्रवेश दिला होता. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरायला सांगितले. तोवर वरचे उमेदवार इतरत्र गेलेले होते, त्यामुळे यादीच्या अगदी तळाच्या, म्हणजे मुलाखतीत नापसंत ठरलेल्या मुलांना घ्यावे लागले. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली, तेव्हा परीक्षांतील यश, रुग्णांसोबतचे काम किंवा शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण, कशातही लक्षणीय फरक आढळला नाही.

नोकरीसाठी वणवण करणाऱ्या आणि प्रत्येक नकारानंतर स्वतःच्या लायकीवर शंका घेणाऱ्या तरुणांपर्यंत ही हकिकत पोहोचायला हवी, असे मला मनापासून वाटते. समोरच्याशी अर्धा तास मोकळेपणी बोलून त्याला ‘ओळखता’ येते, हा आपल्या सर्वांचाच समज आहे आणि तो फार चिवट आहे. संशोधक जेसन डाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या पुढील सत्रातील गुणांचा अंदाज करायचा होता. आधीचे गुण माहीत असूनही ज्यांनी शिवाय मुलाखत घेतली, त्यांचे अंदाज मुलाखत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त चुकले. काही मुलाखतींत तर उत्तर देणाऱ्याने गुपचूप एका ठरावीक युक्तीने, प्रश्नाच्या आशयाकडे न पाहता, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे होते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या ते लक्षात आले नाही. त्या निरर्थक उत्तरांतूनही त्यांनी एक सुसंगत माणूस उभा केला.

याचा अर्थ मुलाखत निरुपयोगी असते, असा नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरील अनेक दशकांचे संशोधन पुन्हा तपासले. मुलाखतीतील गुण आणि नंतरचे प्रत्यक्ष काम यांचे नाते ० (काहीच नाते नाही) ते १ (पूर्ण नाते) या मापाने मोजले, तर मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीसाठी ते ०.१९ भरले. सर्वांना तेच, कामाशी जोडलेले प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषाने गुण देणाऱ्या आखीव मुलाखतीसाठी मात्र ते ०.४२ भरले आणि त्यांनी तपासलेल्या पद्धतींत हीच पद्धत सर्वांत वर राहिली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यासाठी अशीच पद्धत बसवली होती. सहा गुणवैशिष्ट्ये ठरवायची, प्रत्येकासाठी उमेदवाराच्या पूर्वायुष्यातील घडलेल्या गोष्टी विचारायच्या आणि एकाचे गुण मांडल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचे नाही. एका चांगल्या उत्तराची झळाळी पुढच्या उत्तरांवर पडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

उमेदवाराच्या कामाची गोष्ट नेमकी इथे आहे. मुलाखत आखीव असो वा नसो, समोरच्याच्या हातात घडलेली घटना ठेवणे आपल्या हाती असते. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात देखभाल विभागासाठी पदविकाधारक मुलगी मुलाखतीला बसली आहे. ‘मी मेहनती आहे, मला नवीन शिकायला आवडते’ असे तिने सांगितले, तर त्यात गुण देण्यासारखे काहीच नाही, कारण तिच्या आधीच्या उमेदवारानेही तेच सांगितलेले असते. त्याऐवजी ती म्हणाली, “आमचा कन्व्हेयर दुपारच्या पाळीत मध्येच थांबायचा आणि सगळे मोटारीला दोष द्यायचे. मी तीन दिवस थांबण्याच्या वेळा वहीत लिहिल्या. शेजारी ग्राइंडिंग सुरू झाले की तो थांबतो, असे दिसले. जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस बसत होता. आम्ही पत्र्याचा आडोसा लावला आणि सेन्सर पुसण्याचे काम रोजच्या तपासणीत घातले,” तर तिची चिकाटी आणि विचारपद्धती समोर दिसते. परिस्थिती, आपण स्वतः केलेली कृती आणि तिचा परिणाम, एवढे त्यात असावे. अशा पाच-सहा घटना आठवून त्या मोठ्याने सांगण्याचा सराव करावा. नुसत्या वाचून जाऊ नयेत, कारण आठवून सांगितलेले पुन्हा वाचलेल्यापेक्षा जास्त टिकते, हे स्मरणशक्तीवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

मुलाखतीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मात्र सर्वांसाठी सारखा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. २००७ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याचे निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी होती. हा दोष उमेदवाराच्या बायोडेटाचा नाही, आणि त्यावरचा उपाय एकट्या उमेदवाराकडे मागणे अन्यायाचे आहे.

जागांची बातमी मिळवण्याबाबत समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे काम आजही उपयोगी पडते. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात त्यांनी नोकरी बदललेल्यांना विचारले. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांपैकी जेमतेम १७ टक्के ती बातमी देणाऱ्या माणसाला वारंवार भेटणारे होते; उरलेल्यांची त्याच्याशी भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. कारण सरळ आहे. घरच्यांना आणि रोजच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. ही ओळख म्हणजे वशिला नव्हे. दोन वर्षे पुढे असलेल्या ताईला किंवा जुन्या कारखान्यातल्या सुपरवायझरला ‘माझे काम करून द्या’ असे नव्हे, तर ‘तुमच्याकडे या कामाला सध्या कशा प्रकारची माणसे लागतात?’ असे विचारावे.

त्याच प्रश्नाचे भावंड मुलाखतीतही उपयोगी पडते. गप्पा भरकटत असतील, तर उमेदवाराने अदबीने विचारावे, “या जागेवर येणाऱ्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावे, अशी आपली अपेक्षा आहे?” उत्तर देताना मुलाखतकाराला कामाचे निकष मनाशी मांडावे लागतात आणि आपल्या पाच-सहा घटनांपैकी कोणती सांगायची, हे आपल्याला कळते.