भोरडी (वडोदरा परिसरातील)

भोरडी : सारिका कुलातील (स्टर्निडी) स्थलांतरी पक्षी. शास्त्रीय नाव पास्टर रोझियस. १७५८ मध्ये लिनीयसने त्याची नोंद केली. मराठीत पळस मैना, गुलाबी मैना, तर गुजरातीत वैया अशी नावे आहेत. लांबी सुमारे २१ सेंमी., म्हणजे साळुंकीपेक्षा थोडी कमी. डोके, मान, पंख व शेपटी काळी तकतकीत, पाठ व पोट गुलाबी. डोक्यावर तुरा असून नराचा अधिक लांब असतो. पहिल्या वर्षाची पिल्ले मातकट रंगाची व पिवळसर चोचीची असल्याने नवख्याला तो वेगळाच पक्षी वाटतो.

भोरडीला हिवाळी पाहुणी म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो तितकासा बरोबर नाही. पहिल्या टोळ्या जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, भर पावसातच गुजरातेत उतरतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. वर्षातला बराच मोठा काळ ती आपल्याकडेच काढते; मध्य आशियातील व पूर्व युरोपातील गवताळ प्रदेशांत जाते ती केवळ विणीपुरती. हे स्थलांतर उत्तर-दक्षिण नसून मुख्यतः पूर्व-पश्चिम दिशेने, वायव्येच्या वाटेने होते.

विणीचे गणित टोळ व नाकतोड्यांवर बसलेले आहे. ते जिथे माजले असतील तिथे हजारो जोड्या दगडांच्या कपारींत एकाच वेळी घरटी करतात. मादी साधारणपणे ३ ते ६ फिकट निळसर अंडी घालते आणि नर-मादी दोघेही पिल्लांना कीटक भरवतात. कीटक दुर्मीळ झाले, तर पुढच्या वर्षी वसाहत भलत्याच ठिकाणी बसते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांना आवर घालण्यासाठी या पक्ष्यांकरिता मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली जाते.

वडोदऱ्याच्या आसपास मात्र तिचे नाव निघते ते ज्वारी-बाजरीच्या संदर्भात. कणसे भरू लागली की थवे शेतात उतरतात, आणि गोफण फिरवली, डबे वाजवले तरी शेजारच्या शेतात जाऊन बसतात. नुकसान खरे आहे, पण त्याच शेतांतले नाकतोडे व अळ्याही ती टिपते, हे हिशेबात धरले जात नाही. शहरात तिचा मुक्काम वड-पिंपळांवर. फळे पिकली की कमाटीबागेसारख्या जुन्या झाडांच्या ठिकाणी तिचा कलकलाट ऐकू येतो. खाल्लेल्या बिया विष्ठेतून दूरवर पडतात. जुन्या भिंतींतून उगवणारे पिंपळ बऱ्याच अंशी अशा फळखाऊ पक्ष्यांचीच कामगिरी असते.

पाहावी ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. शरद ऋतूत नव्या पिसांना मातकट कडा असतात, त्यामुळे पक्षी मळकट दिसतो. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. त्यासाठी पिसे पुन्हा बदलावी लागत नाहीत. रंग खुलतो तेव्हाच पळस, पांगारा व काटेसावर फुललेली असते. मकरंदासाठी फुलात डोके खुपसताना कपाळाला पराग लागतात आणि एका झाडाचे दुसऱ्या झाडावर पोहोचतात. या तीन झाडांच्या परागीभवनात भोरडीचा वाटा मोलाचा आहे, आणि पिकाच्या तक्रारीइतकीच ही बाजूही सांगितली गेली पाहिजे.

सूर्यास्तापूर्वी टोळ्या रातथाऱ्याकडे येतात. बसण्याआधी सारा थवा आकाशात गोळा होतो, ताणला जातो, मध्येच दुभंगून पुन्हा जुळतो. या कवायतीला म्होरक्या नसतो. भोरडीची भाऊबंद असलेल्या तेल्या मैनेच्या थव्यांची रोममध्ये छायाचित्रे घेऊन मोजणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात सोबत्यांच्या हालचालीकडेच लक्ष ठेवतो, मग ते हातभर अंतरावर असोत की आणखी लांब. थवा विरळ झाला तरी तो तुटत नाही, याचे कारण हेच. दाट थव्यातून एकच पक्षी हेरणे ससाण्याला अवघड जाते.

वडोदऱ्यात याच कुलातील साळुंकी, भांगपाडी मैना व गंगा मैना बारमाही आढळतात. गंगा मैना मातीच्या दरडींत व विहिरींच्या भिंतींतील भोकांत घरटी करते. भांगपाडीच्याही डोक्यावर काळा तुरा असल्याने दुरून तिची भोरडीशी गल्लत होऊ शकते. पण तिचे पंख राखाडी, तर भोरडीचे काळे असतात.