वस्तऱ्याचा दगड : तडा कोणता आणि नुसती रेघ कोणती

बेल्जियममधील आर्देनच्या डोंगराळ प्रदेशात, व्हियेलसाल्म गावाच्या परिसरात, फिकट पिवळ्या रंगाचा एक दगड मिळतो. त्याला कोटिक्यूल म्हणतात. लॅटिनमध्ये ‘कोटिक्युला’ म्हणजे धार लावण्याचा लहान दगड. वस्तऱ्याला दाढीयोग्य अखेरची धार देण्यासाठी हा दगड पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. मात्र मोठा, आयताकृती आणि निर्दोष कोटिक्यूल महाग असतो, आणि त्यामुळे वस्तऱ्याला स्वतः धार लावण्याच्या छंदाकडे नव्याने वळलेल्यांची नजर रेघा, डाग किंवा तडे असलेल्या ओबडधोबड तुकड्यांवर जाते. असा तुकडा मी निर्धास्तपणे घ्यायला सांगेन, पण त्यातला दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखता आले तरच.

त्यासाठी दगड आतून कसा आहे हे पाहावे लागते. ऑर्डोव्हिशियन कालखंडात, म्हणजे ४५ कोटी वर्षांहूनही आधी, समुद्रतळावर साचलेल्या मँगनीजयुक्त बारीक गाळाचे पुढे उष्णतेने आणि दाबाने रूपांतर झाले व त्यात स्पेसार्टीन जातीच्या गार्नेट या कठीण खनिजाचे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले. हे स्फटिक साधारण ५ ते २० मायक्रॉन आकाराचे असतात. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. भोवताली मऊ अभ्रक आणि थोडे क्वार्ट्‌झ असते. पोलाद घासण्याचे काम गार्नेट करते आणि अभ्रक त्याला धरून ठेवते. गार्नेटचे स्फटिक बहुधा बोथट कोनांचे, काहीसे गोलसर असल्यामुळे त्यांचे ओरखडे उथळ पडतात, आणि म्हणूनच कणांच्या आकारावरून वाटावी त्यापेक्षा या दगडावरची धार पुष्कळ मऊसूत येते. (स्पेसार्टीन आपल्याला अगदीच परके नाही. नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंतच्या मँगनीज पट्ट्यातील, गोंड लोकांवरून नाव पडलेला गोंडाइट हा खडक प्रामुख्याने स्पेसार्टीन आणि क्वार्ट्‌झ यांचाच बनलेला आहे. तिथे रूपांतर अधिक तीव्र झाल्याने कण मोठे झाले आणि तो वस्तऱ्याच्या उपयोगाचा राहिला नाही.)

कोटिक्यूलचे थर जांभळट-निळ्या पाटीच्या दगडात बहुधा काही सेंटिमीटर जाडीचेच सापडतात. हा सगळा प्रदेश पुढे पर्वतनिर्मितीच्या हालचालींत दुमडला गेला, पिळवटला गेला. तेव्हा पडलेल्या काही भेगा क्वार्ट्‌झने भरून निघाल्या, काहींतून मँगनीजची आणि लोहाची ऑक्साइडे झिरपली, तर काही तशाच उघड्या राहिल्या. विकत घेताना आपल्याला दिसणारे दोष बहुतेक याच तीन प्रकारांतले असतात, आणि वस्तऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

काळ्या, तपकिरी किंवा तांबूस रेघा व ठिपके बहुतेक वेळा नुसता रंग असतात; त्यांनी दगड कुरूप दिसतो, किंमत उतरते आणि धारेचे काहीही बिघडत नाही. क्वार्ट्‌झची पांढरी शीर मात्र गंभीरपणे घ्यावी. दगड वापरताना भोवतालचा अभ्रकयुक्त भाग झिजतो, कठीण शीर त्या मानाने कमी झिजते आणि हळूहळू सूक्ष्म बांधासारखी वर राहते. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची टोकाशी जाडी एका मायक्रॉनहूनही कमी असते, तेव्हा हाताला जेमतेम जाणवणारा उंचवटासुद्धा तिच्यात खाच पाडू शकतो. कामाच्या पृष्ठभागाच्या मधोमध अशी शीर असेल तर तो दगड स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी ठेवावा, वस्तऱ्यासाठी घेऊ नये.

उघड्या तड्याबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. वस्तरा दगडावर सपाट ठेवतात, त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, त्यामुळे केसाएवढ्या अरुंद तड्यात धार बुडत नाही. धोका तड्याच्या काठांचा असतो. ते काठ ठिसूळ असतात, त्यांच्या कपच्या सुटतात आणि त्या धारेखाली येतात. दुसरा धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दगड सपाट करताना वापरलेल्या सिलिकॉन कार्बाइडचे भरड कण तड्यात दडून बसतात आणि अखेरच्या, अगदी हलक्या हाताने घासण्याच्या टप्प्यावर पाण्याबरोबर वर येतात. कोटिक्यूलवर सुरुवातीला छोट्या दगडाने घासून दुधाळ गाळ काढतात आणि मग थेंबाथेंबाने पाणी वाढवून तो पातळ करत नेतात. या पातळ होत जाणाऱ्या पाण्यात एकच भरड कण आला तरी तासाभराची मेहनत वाया जाते. माझ्याकडच्या अशाच एका तुकड्याचा तडा मी दात घासण्याच्या जुन्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली स्वच्छ केला, त्याचे काठ बारीक पॉलिश कागदाने किंचित गोल केले आणि तेव्हापासून त्याने कधी त्रास दिलेला नाही.

परीक्षा सोपी आहे. ओला केल्यावर दगडाचे रंग उठून दिसतात, पण खोली कळत नाही. ती कळण्यासाठी कोरडा दगड खिडकीपाशी धरून त्यावर तिरपा उजेड पडू द्यावा. रेघेवरून नख आडवे फिरवावे. नख अडले, तर तिथे धारही अडण्याची शक्यता आहे. ओला दगड वाळू द्यावा. पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही एखादी रेघ ओलसर, गडद राहिली तर तिथे पाणी शिरले आहे, म्हणजे तो रंग नसून तडा आहे. शेवटी मडके वाजवून घेतात तसा दगड बोटांच्या चिमटीत सैल धरून टकटक वाजवावा. खणखणीत आवाज आला तर तो आतून सलग आहे. बद्द आवाज आला तर तडा आरपार असण्याची किंवा पिवळा थर त्याच्या पाठीला असलेल्या पाटीच्या दगडापासून सुटत असण्याची शंका घ्यावी. दूरच्या विक्रेत्याकडून घेत असाल, तर ओल्या दगडाचे एक आणि तिरप्या उजेडातले कोरड्या दगडाचे एक, अशी दोन छायाचित्रे पैसे देण्याआधी मागावीत.