गिअरबॉक्स एकटा पाठवू नका

टर्बो गाडी ट्यून करून घेतलेले ग्राहक फोनवर हमखास विचारतात, "तीनशे हॉर्सपॉवर झाली, आता कोणता गिअरबॉक्स बसवायचा?" आम्ही आधी टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, विचारतो, कारण क्लच प्लेटा घसरतात त्या टॉर्कमुळे. बीएमडब्ल्यूची ३२०डी १९० हॉर्सपॉवरची, ३३०आय २५८ची, तरी दोन्हींचा टॉर्क ४०० न्यूटन मीटरच.

झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सची टॉर्क सोसण्याची क्षमता बहुधा नावातच कळते. ८एचपी४५ म्हणजे ४५०, ८एचपी७० म्हणजे ७००. डीएसजीला, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या बॉक्सला, मात्र हा हिशेब लावू नका. डीक्यू२०० ची मर्यादा २५०, डीक्यू२५० ची ३५०. डीक्यू२५० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० कंपनीतूनच ३५० घेऊन यायची, म्हणजे कागदावर शिल्लक शून्य. अशा गाडीचा रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग) करायचा तर क्लचचा खर्च आधी धरा.

आता ज्यासाठी हे पत्रक काढलं ते. जालना, परभणी, लातूरहून टेम्पोत झेडएफचा बॉक्स येतो, तो नुसता. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) गावच्या गॅरेजमध्ये, बॉक्सचं ऑइल गार करणारा कूलर गाडीतच. आम्ही प्लेटा, सील बदलतो, क्लिअरन्स मापून बॉक्स परत देतो. पण जळालेल्या प्लेटांचा चुरा कन्व्हर्टरच्या पोटात आणि कूलरच्या बारीक नळ्यांत तसाच बसलेला असतो. गाडी सुरू झाली की तोच नव्या ऑइलबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचा दाब वाटणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात येतो, झडपा अडकतात, गिअर झटके देऊ लागतो. मग बॉक्स पुन्हा उतरवा, पुन्हा उघडा. तुमचे दोन-तीन आठवडे जातात आणि नाव आमच्या कामाला. म्हणून कन्व्हर्टर सोबत नसेल तर आम्ही बॉक्स उघडत नाही. कन्व्हर्टर कापून, धुऊन, त्याच्या आतला लॉकअप क्लच बदलून परत वेल्ड आणि बॅलन्स करतो. कूलर धुऊन खात्रीचा होत नाही, तो नवाच टाकतो. काही जण म्हणतात, "बिल वाढवायला सांगता." फाडलेला जुना कूलर वर्कशॉपमध्ये ठेवला आहे, येऊन आतला गाळ बोटाने बघा.

बॉक्स तुमच्याच मेकॅनिककडून चढवणार असाल तर त्यांना एवढं सांगा: कन्व्हर्टर शाफ्टवर आणि पंपात पूर्ण आत बसला पाहिजे. हाताने फिरवत दाबला की तो टप्प्याटप्प्याने आत जातो. बेलहाऊसिंग (बॉक्सचं इंजिनला जोडणारं तोंड) इंजिनला हाताने टेकलं पाहिजे. फट राहिली आणि बोल्ट आवळून ओढलं, तर पंप तिथेच फुटतो.

रिमॅप लपवू नका. क्लचवर किती दाब द्यायचा हे बॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनकडून आलेल्या टॉर्कच्या आकड्यावरून ठरवतो. ट्यूनरने तो आकडा कमी दाखवला असेल तर दाब कमी पडतो आणि चांगल्या प्लेटाही घसरून जळतात. ट्यूनची फाइल दिलीत तर आम्ही दाब त्याप्रमाणे जुळवून देतो.

ऑइलबद्दल. "लाइफटाइम" लिहिलंय म्हणून कोणी बदलत नाही. खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत बदलायला सांगते. समृद्धीवर तासन्‌तास जोरात पळणारी ट्यून केलेली गाडी असेल तर आम्ही ६० हजारांवरच बदलतो. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांत असतानाच बघायची. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी शेडमध्येच ४२ अंश असतात, इंजिन थोडा वेळ चाललं की ऑइल पन्नाशीच्या पुढे. गरम ऑइल फुगून बाहेर येतं, लेव्हल भरली असं वाटतं आणि प्रत्यक्षात बॉक्स कमी भरलेला राहतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम आम्ही सकाळी सातलाच करतो. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा.

शक्यतो बॉक्स न उतरवता, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड न पुसता गाडीच आणा. उतरवण्याआधीची स्कॅनिंग आम्ही मोफत करून देतो. कधीकधी बॉक्स न उघडता ऑइल, फिल्टर आणि अ‍ॅडॉप्टेशनवरच (बॉक्सच्या कॉम्प्युटरला क्लच नव्याने जुळवून देणं) काम भागतं.