मत्स्यपेटीची पूर्वतयारी (खानदेशातील पाणी व हवामान)

नव्या काचपेटीत पाणी भरल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या मुदतीत फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर जिवाणूंचा थर वाढवायचा असतो. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल करणे’ म्हणतात. काच, वाळू, दिवे, झाडे ही सगळी मांडणी एका दुपारी होते. थर मात्र त्याच्या गतीनेच वाढतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. नायट्रोसोमोनास व तत्सम जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा त्याचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी आहेत, नायट्रेट त्यामानाने सौम्य. पाणी बदलून ते काढता येते. नव्या पेटीत हे जिवाणू जवळपास नसतातच, म्हणून घाईने सोडलेले मासे पहिल्या पंधरवड्यात वर येऊन तोंड मारू लागतात आणि मरतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ही घाई जास्त महागात पडते. अमोनिया किती मारक ठरेल, हे पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे त्याचे माप) आणि तापमानावर अवलंबून असते. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ आणि ३२ अंशांना तोच हिस्सा सुमारे १३ टक्के होतो. मे महिन्यात भुसावळच्या एखाद्या घरात बोअरच्या पाण्याची पेटी अशीच असते. थंड हवेच्या गावासाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, त्या यामुळेच.

पेटी व जागा : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडता ४५ लिटर धरावे. सगळे मिळून वजन ७० किलोच्या घरात जाते. टेबल सपाट हवे आणि पेटीखाली थर्माकोलचा ताव हवा, नाहीतर एका कोपऱ्यावर ताण येऊन तळाची काच तडकते. पश्चिमेची खिडकी टाळावी. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावर पेटी भरून २४ तास ठेवावी आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवून गळती पाहावी. साबण कुठेही लावू नये.

वाळू : दोन ते चार मिलिमीटरची, पाच सेंटिमीटर थराची, म्हणजे या मापाच्या पेटीला १३ किलोच्या आसपास. तापी-गिरणेची वाळू चालते, पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात. मूठभर वाळू वाटीत घेऊन व्हिनेगर ओतावे; बारीक बुडबुड्यांच्या माळा उठल्या की चुना आहे असे समजावे. गप्पी-मोलींना त्याने बिघडत नाही, उलट मानवते. मऊ पाण्यातले टेट्रा मासे ठेवायचे असतील तर ती वाळू नको. जळगावच्या खाणींतले स्टिल्बाइटचे चमकदार स्फटिक काही जण हौसेने पेटीत मांडतात. त्यांना बहुधा कॅल्साइट चिकटलेला असतो आणि कडा धारदार असतात. ते शोकेसमध्येच बरे. वाळू घमेल्यात, वरचे पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. दहा-बारा पाणी सहज लागतात.

पाणी : नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत ते ड्रममध्ये साठवलेलेच असते; उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून २४ तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. तेवढा वेळ नसेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दर मिलिग्रॅम क्लोरीनमागे साधारण सात मिलिग्रॅम घालावे. पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल तर मात्रा त्या मानाने वाढते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तेही रात्रभर खळखळत ठेवावे. सकाळी त्याचा पीएच चढलेला दिसेल, आणि नोंदवायचा तो हाच. केळीच्या पट्ट्यात खतांमुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकते. भरण्याआधी ते मोजून ठेवले नाही, तर नंतर पाणी तपासायच्या किटमध्ये दिसणारे नायट्रेट जिवाणूंनी केले की जमिनीतून आले, हे कळायला मार्ग राहत नाही.

नुसते आरओचे पाणी भरणे ही नेहमीची चूक. अमोनियातल्या दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे जिवाणू सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता (पीएच घसरू न देणारे विरघळलेले क्षार) खर्च करतात. आरओच्या पाण्यात ती नसल्यातच जमा. पीएच घसरतो आणि सायकल अर्ध्यात अडते. जड पाण्याचा इथे फायदाच होतो. क्षार फारच असतील तर बोअर आणि आरओ निम्मे-निम्मे करावे. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी पेटीत कधीही घालू नये.

जिवाणूंचे खाद्य : अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. कल्हईसाठी मिळतो त्याच्या शुद्धतेचा भरवसा नसतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. १० ग्रॅम नवसागर एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावा. या द्रावणाचे २८ मिली ४५ लिटरला घातले की अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅम होतो. फिल्टर आणि हवा पहिल्या दिवसापासून अखंड चालू हवी. फिल्टर ताशी २०० लिटरच्या आसपास पाणी फिरवणारा असावा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. अमोनिया लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर गेला तर जिवाणूच मंदावतात. मधला टप्पा सर्वांत कंटाळवाणा : नायट्राइट दोन-तीन आठवडे हलत नाही आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. ओळखीच्या निरोगी पेटीतला जुना स्पंज फिल्टरमध्ये ठेवला तर मुदत निम्म्यावर येऊ शकते. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा तो भरवशाचा.

डोस टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की पेटी तयार.

बिघाड : तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते. हे वेगळे, मुक्त तरंगणारे जिवाणू असतात, आपोआप निवळतात; घाबरून पेटी रिकामी करणारे पुन्हा पहिल्या दिवसावर येतात. काचेवर तपकिरी लेप आला तर पुसावा. ‘खबरदारी’ म्हणून निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्ल्यू, टाकू नये. ते वाढता थर मारते आणि सिलिकॉनही रंगवते. स्पंज नळाखाली धुणे हाही तसाच घात. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

उन्हाळा व वीज : पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. खानदेशच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश उतरते. मात्र दिवसाला लिटरभर पाणी उडते आणि क्षार मागेच राहतात. ही तूट भरायला आरओचे पाणी योग्य. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ५० वॅटचा हीटर लागतो. वीज गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात, म्हणून भारनियमनाच्या गावात स्पंज फिल्टर आणि बॅटरीवरचा एअर पंप हीच जोडी घ्यावी.

मासे सोडणे : आदल्या दिवशी ७० ते ८० टक्के पाणी बदलून नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली आणावे. जड पाण्याला गप्पी, मोली, प्लॅटी सोसतात. गोल्डफिशला इथला मे महिना झेपत नाही, दुकानात कितीही गोजिरा दिसला तरी. पिशवी २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग पाऊण तासात तिच्यात थोडे थोडे पेटीचे पाणी घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी फेकून द्यावे. पहिल्या आठवड्यात चार-पाचच मासे, आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य.