संगजिऱ्याचा शेजार

नखाने ओरखडा उठतो आणि हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, एवढ्यावर संगजिरे म्हणजे टाल्क शाळकरी पोरगंही ओळखेल. मोहच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक १, म्हणजे सगळ्यात मऊ. भूवैज्ञानिकाचा कस लागतो तो त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी करताना.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात संगजिरे शोधण्यात अर्थ नाही, तो रूपांतरित, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेला, खडकच नव्हे. संगजिरे बनायला मॅग्नेशियम, सिलिका आणि पाणी लागतं. कुमाऊँमधल्या बागेश्वरकडे मॅग्नेशियम आलं मॅग्नेसाईट-डोलोमाईट या कार्बोनेट खडकांमधून, तर उदयपूरजवळच्या ऋषभदेव पट्ट्यात सर्पेंटिनाईट या हिरवट, मॅग्नेशियमयुक्त खडकामधून. सर्पेंटिनाईटमध्ये मॅग्नेटाईट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे तो चुंबकमापकाने हुडकता येतो. मातीतलं निकेल-क्रोमियमही त्याचा पत्ता देतं. डोलोमाईट असं काही सांगत नाही. तिथे पायपीट करून नकाशा काढायचा, थर कुठे दुमडलेत, भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या भेगा) कुठून गेलेत ते बघायचं, कारण गरम पाणी त्याच फटींतून शिरलेलं असतं. मग चर खणायचे, बोअर घ्यायचे. इथेही गंमत आहे: खडक इतका मऊ, की ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि नमुन्यातून नेमका हवा तोच भाग गायब!

सिलिका घेऊन आलेलं गरम पाणी डोलोमाईटशी भिडलं की संगजिरे आणि कॅल्साईट तयार होतात, कार्बन डायऑक्साईड निसटतो. इथवर ठीक. पण खडक आणखी तापला, तर हीच दोन खनिजं क्वार्ट्झशी मिळून ट्रेमोलाईट बनवतात. त्याचं तंतुमय रूप म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच एक प्रकार, श्वासातून गेला तर कर्करोग करणारा. पावडरच्या डब्यात ते येण्याची भीती उगाच नाही.

म्हणून साठा कसा तयार झाला, हे मला टनांच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचं वाटतं. अमेरिकी भूवैज्ञानिकांनी २००४ मध्ये हेच मांडलं. मोंटानात गरम पाण्याने डोलोमाईटमध्ये घडवलेल्या साठ्यांत असे तंतू सहसा नसतात. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत मात्र शिलारस डोलोमाईटमध्ये घुसला. तिथल्या संगजिऱ्यात ट्रेमोलाईट बहुतेकदा असतं. ऋषभदेवच्या पट्ट्यात तर संगजिरे आणि अ‍ॅस्बेस्टॉस दोन्ही मिळतात.

तंतू अगदी थोडे असले, तर खनिजं ओळखण्याच्या क्ष-किरण विवर्तनाच्या नेहमीच्या चाचणीतून निसटतात. संशय आला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि नमुना पांढऱ्याशुभ्र थराचाच घेऊन भागत नाही. त्याला खेटून असलेल्या खडकाचाही घ्यावा लागतो.