चिंचेरो

चिंचेरो : पेरूच्या दक्षिण भागातील, इंका अवशेष व हातविणकाम यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. ते कुस्को शहराच्या वायव्येस सुमारे ३० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७६० मी. उंचीवर वसले आहे. कुस्कोहूनही हे ठिकाण उंच असल्याने विरळ हवेची सवय होईपर्यंत प्रवाशांनी येथील चढ सावकाश चढणे इष्ट ठरते.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंका सम्राट तुपाक युपांकी याने येथे आपली राजजहागीर वसविली. डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेते आणि वर निमुळत्या होत गेलेल्या कोनाड्यांची भक्कम दगडी भिंत तिची साक्ष देतात. स्पॅनिश अंमलात इंका वास्तूंच्याच जोत्यांवर चर्च उभारण्यात आले.

इंका राज्यात कापड करादाखल घेतले जाई आणि ‘कुंबी’ हे अतितलम वस्त्र सम्राटाकडून मिळणे हा मोठा सन्मान होता. त्यामुळे केवळ दगडी बांधकाम पाहून परतणाऱ्यास इंका संस्कृतीची निम्मीच ओळख होते. चिंचेरोतील केचुआभाषक स्त्रिया आजही मेंढीची व अल्पाकाची लोकर टकळीवर कातून तिला दुहेरी पीळ देतात. निवडुंगावर वाढणाऱ्या कोशिनिल किड्यांपासून त्या लाल रंग काढतात. त्यात लिंबाचा रस पडला की तो नारिंगीकडे झुकतो. मागाचे एक टोक खुंटाला आणि दुसरे विणकरणीच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेले असते, त्यामुळे ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) ताण तिच्या शरीराच्या पुढेमागे होण्यावर अवलंबून राहतो. बाणा (आडवा धागा) झाकला जाऊन सारी नक्षी ताण्याच्या धाग्यांतूनच उमटते. तिचा आराखडा समोर नसतो, धाग्यांची मोजणी विणकरणीच्या स्मरणात असते. प्रत्येक ओळ लामा या उंटाच्या कुळातील प्राण्याच्या टोकदार हाडाने ठोकून घट्ट केली जाते. मुली प्रथम अरुंद पट्ट्या विणून हात बसवितात व पुढे ‘यिक्या’ ही खांद्यावर घेण्याची शाल विणू लागतात.

याच गावच्या निल्दा कायान्याउपा आल्वारेस यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये कुस्को येथे पारंपरिक वस्त्रकला केंद्र स्थापन झाले. जुन्या नक्षी व वनस्पतिज रंग यांच्या पुनरुज्जीवनात त्याचा वाटा मोलाचा आहे. गावातील रविवारच्या बाजारात यंत्रावर विणलेला मालही विकला जातो, त्यामुळे खरेदीपूर्वी कापडाच्या कडा पाहाव्यात : पारंपरिक वस्त्र मागावरच चारही बाजूंनी पूर्ण होत असल्याने त्याची एकही कड कापलेली नसते. अशा एका शालीसाठी विणकरणीचे कित्येक आठवडे खर्ची पडतात. तिची किंमत त्या श्रमांच्या मानाने जास्त नाही.