कूलरची ताटी कधी बदलावी, कशी बसवावी

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. मोटरला तेल दिले, पंप चालतो का ते पाहिले आणि बाहेरून रंगाचा हात मारला की कूलर खिडकीला लागतो. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेले, पाणी धरून ठेवणारे थर, मात्र "अजून एक उन्हाळा निघेल" म्हणून तशाच राहतात. हवा थंड होते ती ताटीतच. पंखा ती ओढतो, पंप पाणी वर चढवतो, एवढेच त्यांचे काम. त्यामुळे ताटी गेली असेल तर मोठा एक्झॉस्ट पंखा बसवूनही खोलीत जोरात झळाच येणार.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ताटीतून जाणारी हवा ती उष्णता देते आणि स्वतः थंड होते. हवा किती थंड होईल याला मात्र एक तळ आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथे थांबतो, ते वेट बल्ब तापमान. कूलरमधली हवा त्याच्या खाली जात नाही. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब साधारण २४ अंश येतो. म्हणजे जास्तीत जास्त २१ अंश उतरण्याला वाव आहे. चांगली ताटी त्यातला ८० टक्के वाव वापरते आणि पंख्यातून २८ अंशांची हवा येते. क्षारांनी माखलेली, खचलेली ताटी ५० टक्क्यांवर आली की तीच हवा साडेचौतीस अंशांची होते. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना वेट बल्बच २८ च्या आसपास असतो. तेव्हा नवीकोरी ताटीसुद्धा तीन अंशांपलीकडे काही देत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ताट्या बदलण्यात पैसा घालवू नये.

ताटी खराब होते ती मुख्यतः पाण्यामुळे. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळा क्षार मागे राहतो. तापलेल्या दिवशी मोठा कूलर १५० लिटर पाणी सहज उडवतो. बोअरवेलच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅम क्षार धरले तर रोज ७५ ग्रॅम, महिन्याला सव्वादोन किलो क्षार कूलरमध्ये येतो. त्यातला काही टाकीत राहतो, काही ताटीवर पांढरा थर होऊन बसतो. हा थर तंतूंमधल्या फटी बुजवतो आणि त्यांना पाणी शोषू देत नाही. कन्हान आणि पेंचचे नळाचे पाणी त्या मानाने बरेच सौम्य असते. नळाच्या पाण्यावर आख्खा उन्हाळा काढणारी वूड वूलची (लाकडी तंतूंची) ताटी बोअरच्या पाण्यावर एप्रिलअखेर दगडासारखी झालेली असते. बोअर वापरणाऱ्यांनी नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागण्याआधी ताट्या पुन्हा एकदा बदलण्याचा खर्च धरूनच चालावे.

बाजारात तीन प्रकार मिळतात. वूड वूल म्हणजे लाकडाचे तासलेले बारीक तंतू: स्वस्त, पाणी पटकन धरणारे, पण दर वर्षी बदलावे लागणारे. वाळ्याच्या ताटीला सुगंध असतो, भाव जास्त. मुळ्या घट्ट बसल्या नाहीत तर ती लवकर विरळ होते. तिसरा प्रकार हनीकोंब, म्हणजे राळ मुरवलेल्या कागदाच्या पन्हळी थरांची जाड लादी. ही काळजीने वापरली तर दोन-तीन उन्हाळे टिकते. घ्यायची तर १०० मिलीमीटर जाडीची घ्यावी. ५० मिलीमीटरच्या लादीतून हवा इतक्या लवकर पार होते की तिला पुरेसे भिजायला वेळच मिळत नाही.

कामाला हात लावण्याआधी कूलरचा प्लगच काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पत्र्याचा कूलर, ओले हात आणि उंदराने कुरतडलेली वायर हे दर उन्हाळ्यात जीव घेणारे त्रिकूट आहे. तीन पिनांचा प्लग, नीट काम करणारे अर्थिंग आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ताट्यांआधी त्यावर खर्च करावा. चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणे तर टाळावेच.

तिन्ही बाजूंचे पाखे (ताटी बसवलेल्या चौकटी) उतरवून जाळीच्या तारा सोडवाव्यात, जुने वूड वूल काढून टाकावे. आता पत्रा उघडा पडला आहे, तर गंज तारेच्या ब्रशने खरवडून, पूर्ण वाळवून रेड ऑक्साइड आणि त्यावर टाकीच्या आतून डांबरी रंग द्यावा. रंग सुकायला दिवस जातो. घाई केली की पहिल्याच पाण्यात पापुद्रे सुटतात आणि पंपात अडकतात. ताटीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची किंवा पाइपाची भोके तारेने एकेक मोकळी करावीत. घट्ट क्षार सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तासभर भिजवला की सुटतो.

वूड वूल भिजवून, पिळून मगच भरावे. कोरडे भरले तर ओले झाल्यावर खाली बसते आणि वरती दोन बोटांची फट पडते. ही फट दिसायला क्षुल्लक वाटते, पण हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. एकूण हवेपैकी वीस टक्के जरी फटीतून आली तरी २८ अंशांची हवा ३१ अंशांच्या पुढे जाते. म्हणून थर सगळीकडे दीड-दोन इंचांचा सारखा ठेवावा, वरच्या कडेला किंचित जास्त दाबून भरावा आणि जाळी तारेने चार-पाच ठिकाणी आवळावी. उजेडासमोर पाखा धरला की पातळ जागा लगेच कळते.

हनीकोंबला दिशा असते, आणि ही गोष्ट दुकानदारही क्वचितच सांगतात. काही लाद्यांमध्ये पन्हळींचे दोन कोन वेगळे असतात, एक तीव्र उताराचा, दुसरा जवळजवळ आडवा. तीव्र उताराच्या पन्हळी बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा आत शिरते त्या बाजूला, खाली उतरल्या पाहिजेत. त्यामुळे पाणी बाहेरच्या तोंडाकडे ओढले जाते आणि धूळ तिथेच धुऊन निघते. लादी उलटी बसली की थेंब पंख्याकडे उडतात, भिंत ओली होते आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. दोन्ही कोन सारखे असतील तर ही चिंता नाही.

आता पाणी किती सोडायचे? ताटी ओली राहील इतके पाणी पुरत नाही. क्षार धुऊन खाली नेण्यासाठी वाफ होते त्याच्या कितीतरी पट पाणी ताटीवरून वाहायला हवे. १०० मिलीमीटर हनीकोंबच्या ६० सेंटिमीटर रुंद बाजूला मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी लागते, तीन बाजूंना मिळून अकरा लिटर. पंपाची नळी वरच्या उंचीवर धरून लिटरच्या बाटलीत सोडावी. बाटली पाच-सहा सेकंदांत भरली तर पंप ठीक. वीस सेकंद लागले तर पंपाची जाळी साफ करावी, नाहीतर पंप बदलावा. नव्या ताटीवरून पहिला अर्धा तास पंखा न लावता नुसते पाणी फिरवावे आणि ते पिवळट पाणी फेकून द्यावे. लाकडाचा वास आणि रंग त्यात निघून जातो. मग कूलर दहा मिनिटे चालवून ताटीवर फिकट कोरडे पट्टे दिसतात का ते पाहावे. पट्टा दिसला तर त्याच्या वरचे भोक बुजलेले असते किंवा कूलर एका बाजूला कललेला असतो.

टाकीत रोज नुसती भर घालत राहणे ही सगळ्यांची सवय. १०० लिटरच्या टाकीतून रोज १५० लिटर उडाले आणि तितकीच भर पडली, तर चौथ्या दिवसाअखेर टाकीतल्या पाण्यात मूळच्या सातपट क्षार असतात. रोज टाकी रिकामी करणे उन्हाळ्यात परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. पाणी दिवसाअखेर पंप बुडण्यापुरते उतरू द्यावे, मग कूलर बंद करून उरलेले दहा-पंधरा लिटर सोडून द्यावे. टाकीतला क्षार त्याच थोड्या पाण्यात गोळा झालेला असतो. ते अंगण धुवायला चालते, कुंड्यांना घालू नये. पंप मात्र कोरडा चालू देऊ नये, वाइंडिंग जळते.

डासांसाठी आठवड्यातून एकदा टाकी घासणे वेगळे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटवून अंडी घालतो आणि ती कोरडी होऊनही महिनोन्महिने जिवंत राहतात. पाणी ओतून टाकले तरी भिंत न घासल्यास पुढच्या भरण्यात अळ्या तयार.

ताटी धूळ अडवते, पण ती जाडी धूळ. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडच्या राखेतले बारीक कण ओल्या ताटीतून बऱ्याच अंशी पार होतात, तेव्हा दम्याच्या रुग्णाने कूलरला हवा शुद्ध करणारे यंत्र समजू नये.

ताटी बदलायची वेळ आली का, हे डोळ्यांपेक्षा तापमापकाला विचारावे. ५० अंशांपर्यंतचा साधा तापमापक घ्यावा, तापाचा नव्हे. सावलीत ताटीबाहेरचे तापमान, मग फुग्याला ओले फडके लावून वाऱ्यात वेट बल्ब, आणि शेवटी पंख्यासमोरचे तापमान घ्यावे. समजा ४४, २४ आणि ३४ आले. पहिल्या दोनमधला फरक २०, पहिल्या आणि तिसऱ्यामधला १०. ताटीची कार्यक्षमता ५० टक्के. साठच्या खाली आकडा गेला आणि फट, कोरडे पट्टे यांपैकी काही सापडत नसेल तर ताटी बदलावी.

हंगाम संपल्यावर पंप काढून नुसता पंखा अर्धा-पाऊण तास चालवला की हनीकोंब आतपर्यंत सुकते. मग मऊ ब्रश पन्हळींच्या दिशेने फिरवून सैल क्षार झाडावा, लादी उभी ठेवून सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकमध्ये बांधली तर उरलेली ओल आतच राहून बुरशी धरते. वूड वूल ठेवूच नये, काढून टाकावे.